अमेरिका लढाईच्या तोंडाशी येते तेव्हा: बातमी वाचायची कशी

जगात कुठे भडका उडाला आणि त्यात अमेरिकेचं नाव आलं की आपल्या वाहिन्यांवर तासाभरात तिसरं महायुद्ध सुरू होतं. व्हॉट्सॲपवर ‘डेफकॉन २ लागू’ (डेफकॉन म्हणजे अमेरिकी सैन्याच्या सज्जतेची पातळी) असा मजकूर लाल त्रिकोणांसकट फिरू लागतो. या कल्लोळात सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं ते राष्ट्राध्यक्षांचं भाषण, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी सांगतं. म्हणून क्रम उलटा धरायचा. आधी त्यांनी काँग्रेसला म्हणजे संसदेला लिहिलेलं पत्र, मग मतदानाचे आकडे, मग जहाजं, विमानं आणि दूतावास, मग जनमत. भाषण शेवटी, तेही लेखी मजकूर समोर ठेवून.

सुरुवात घड्याळापासून. वॉशिंग्टन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. रात्री नऊचं भाषण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला किंवा साडेसातला येतं, आणि तारखेची गफलत होते ती इथेच. इराणचे जनरल सुलेमानी बगदादच्या विमानतळावर मारले गेले तेव्हा तिथे ३ जानेवारी २०२० उजाडून तासभर झाला होता. वॉशिंग्टनमध्ये २ तारखेची संध्याकाळ होती. पुढे ४८ तास आणि ६० दिवस मोजायचे आहेत, तेव्हा कुठली तारीख धरली ते लिहून ठेवा. रविवारी सकाळच्या चर्चेच्या कार्यक्रमांत मंत्री सरकारची कारणं मांडतात. ते आपल्याकडे रविवारी संध्याकाळी दिसतात. अडचणीची माहिती मात्र शुक्रवारी उशिरा सोडायची तिथल्या सरकारांची जुनी सवय आहे. ती आपल्याला शनिवारी सकाळी वाचायला मिळते.

पत्र

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या कलमानुसार युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा. दुसऱ्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष सैन्याचे सरसेनापती. सगळी ओढाताण या दोन वाक्यांमधली आहे. काँग्रेसने शेवटचं युद्ध जाहीर केलं ते ५ जून १९४२ रोजी, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, इराक यांपैकी एकाही लढाईत युद्धाची रीतसर घोषणा झालेली नाही. त्यामुळे ‘अमेरिकेने युद्ध पुकारलं’ हा मथळा दिसला की तो चुकीचा आहे असं धरून चालायला हरकत नाही.

व्हिएतनामने पोळल्यावर काँग्रेसने ७ नोव्हेंबर १९७३ रोजी निक्सन यांचा नकाराधिकार मोडून वॉर पॉवर्स रिझोल्यूशन हा कायदा केला. सैन्य लढाईत उतरवलं तर राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत काँग्रेसला लेखी कळवायचं, आणि काँग्रेसने परवानगी दिली नाही तर ६० दिवसांत सैन्य थांबवायचं. सुरक्षित माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस.

काँग्रेसची सभागृहं दोन, प्रतिनिधिगृह आणि सिनेट; हे पत्र प्रतिनिधिगृहाचे सभापती आणि सिनेटचे हंगामी अध्यक्ष अशा दोघांना जातं. गोपनीय नसेल तर व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर सापडतं. लांबी पान-दोन पानं. ते असं वाचा.

आधी क्रियापदाच्या आसपासचा शब्द पकडा. आपल्याकडचा शासननिर्णय वाचलेल्या कुणालाही ‘अन्वये’ या शब्दाचं वजन माहीत असतं. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष या पत्रात कायद्या‘अन्वये’ कळवतो असं लिहायचं टाळतात, कायद्याशी ‘सुसंगत’ राहून कळवतो असं लिहितात. अन्वये म्हटलं की ६० दिवसांचं घड्याळ आपणच सुरू केल्यासारखं होतं. ज्या पोटकलमाने हे घड्याळ सुरू होतं त्याचा स्पष्ट उल्लेख आजवर फक्त १९७५ मध्ये फोर्ड यांनी कंबोडियाने पकडलेल्या मायाग्वेझ या अमेरिकी जहाजाच्या प्रकरणात केला, आणि तोही कारवाई आटोपल्यावर.

मग आधार कोणता दिलाय ते बघा. फक्त ‘सरसेनापती म्हणून माझा अधिकार’ एवढंच असेल तर काँग्रेसची परवानगी हातात नाही. २००१ च्या परवानगीचा हवाला असेल तर ती ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची आहे. तिचं मुख्य वाक्य जेमतेम ६० इंग्रजी शब्दांचं, पण त्याच्या आधारावर पुढे येमेन आणि सोमालियापर्यंत कारवाया झाल्या. सुलेमानींच्या वेळी सरकारने सरसेनापतीच्या अधिकाराला इराकविषयीच्या २००२ च्या परवानगीची जोड दिली होती. जुन्या परवानगीला नवं कारण चिकटवलेलं दिसलं तर कायद्याची बाजू लंगडी आहे असं समजा.

आणि ६० दिवस भरले म्हणजे लढाई थांबलीच, असा हिशेब करू नका. १९९९ मध्ये कोसोवोची बॉम्बफेक ७८ दिवस चालली. सरकारचं म्हणणं, काँग्रेसने पैसे दिले म्हणजे परवानगीही दिली. २०११ मध्ये लिबियात तर याहून अजब युक्तिवाद झाला. बॉम्ब टाकत असलो तरी कायद्याला अभिप्रेत असलेली ‘लढाई’ ही नव्हे, असं ओबामांच्या परराष्ट्र खात्याच्या कायदा सल्लागारांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं. मार्चमध्ये सुरू झालेली ती मोहीम ऑक्टोबरअखेर संपली.

मतदान

काँग्रेसमध्ये ‘युद्धाविरुद्ध ठराव मंजूर’ अशी बातमी आली तर ठरावाच्या क्रमांकाआधीची अक्षरं बघायची. ‘एच.कॉन.रेस.’ किंवा ‘एस.कॉन.रेस.’ असेल तर त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही. पण राष्ट्राध्यक्षांकडे न पाठवता काँग्रेसला बंधनकारक निर्णय घेता येत नाहीत असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या चढ्ढा निकालानंतर असा ठराव बंधनकारक राहिला आहे असं फारसं कुणी मानत नाही. ‘एच.जे.रेस.’ किंवा ‘एस.जे.रेस.’ असेल तर तो सहीसाठी जातो आणि नकाराधिकार वापरला जाऊ शकतो. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे सगळे हजर असतील तर प्रतिनिधिगृहात २९० आणि सिनेटमध्ये ६७.

सुलेमानींचं २०२० चं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बघितलं तर यंत्र कसं फिरतं ते कळतं. २ जानेवारीच्या संध्याकाळी हल्ला. ४ तारखेला पत्र गेलं, पण सगळंच्या सगळं गोपनीय. ९ तारखेला प्रतिनिधिगृहाने कॉन.रेस. जातीचा ठराव २२४ विरुद्ध १९४ ने केला. मथळे मोठे, परिणाम शून्य. सिनेटने जे.रेस. जातीचा ठराव १३ फेब्रुवारीला ५५ विरुद्ध ४५ ने मंजूर केला, प्रतिनिधिगृहाने ११ मार्चला. ६ मे रोजी ट्रम्प यांनी तो नाकारला. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये नकाराधिकार मोडायला ४९ मतं पडली, विरोधात ४४. बहुमत होतं, पण ६७ पासून फार लांब. ‘राष्ट्राध्यक्षांना चपराक’ हा मथळा या प्रवासात तीन वेळा छापून आला असेल; राष्ट्राध्यक्षांच्या हाताला धक्काही लागला नाही.

म्हणून निकालापेक्षा फरक बघा, आणि राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षातले किती जण फुटले ते बघा. त्या ५५ मध्ये ८ रिपब्लिकन होते, ही खरी बातमी होती.

एकमताची मतदानं जरा संशयानेच वाचावीत. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ला झाल्याच्या बातमीवर प्रतिनिधिगृहात एकही विरोधी मत पडलं नाही, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. दुसरा हल्ला म्हणून जो सांगितला तो झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. २००१ मध्ये प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. उलट जानेवारी १९९१ मध्ये सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७ इतकी चुरस झाली, आणि त्या युद्धाचं उद्दिष्ट कुवेत सोडवण्यापुरतंच राहिलं. निवडणुकीची तारीखही शेजारी मांडा. इराकबद्दलचं २००२ चं मतदान ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मध्यावधी निवडणूक होती. ‘हो’ म्हणणाऱ्या हिलरी क्लिंटन यांना तेच मत २००८ मध्ये ओबामांसमोर जड गेलं.

जहाजं, विमानं, दूतावास

अमेरिकेकडे विमानवाहू जहाजं ११. पण त्यातली बरीचशी कायम दुरुस्तीत किंवा सरावात असतात. ‘जहाज निघालं’ म्हणजे पोहोचलं नव्हे. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून जिब्राल्टर साधारण सहा हजार किलोमीटर. सरासरी २० नॉट, म्हणजे तासाला ३७ किलोमीटर धरले, तर सात दिवस. यूएसएनआय न्यूज हे नौदलविषयक बातम्यांचं संकेतस्थळ दर आठवड्याला कुठलं जहाज कुठे आहे याचा नकाशा देतं. तो उघडायचा आणि हिशेब स्वतः करायचा. जहाजापेक्षा हवेत इंधन भरणारी विमानं जास्त बोलकी असतात. जून २०२५ मध्ये इराणवरच्या हल्ल्याच्या आठवडाभर आधी अशी दोन डझनांहून जास्त विमानं अटलांटिक ओलांडून युरोपात उतरली, आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ती कुणालाही दिसत होती.

पण जे दिसतं ते दाखवलेलंही असू शकतं. २१ जूनला बी-२ बॉम्बफेकी विमानं पॅसिफिकवरून ग्वामकडे निघाल्याची बातमी जगभर झाली. अजून वेळ आहे, असं पुष्कळांनी गृहीत धरलं. ती हूल होती. खरी सात विमानं गाजावाजा न करता पूर्वेकडे निघाली होती, आणि काही तासांत फोर्दो आणि नतांझ या इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले.

सगळ्यात भरवशाची खूण कंटाळवाणी आहे: परराष्ट्र खात्याची प्रवास-सूचना. पायऱ्या १ ते ४; चौथी म्हणजे ‘जाऊ नका’. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दूतावासातल्या माणसांबद्दलची भाषा. ‘जायची मुभा’ असेल तर कुटुंबं आणि बिनतातडीचे कर्मचारी हवं तर निघू शकतात. ‘जायचा हुकूम’ असेल तर निघावंच लागतं. बगदादच्या दूतावासाला असा हुकूम ११ जून २०२५ रोजी मिळाला. १३ तारखेला इस्रायलने इराणवर हल्ला केला.

डेफकॉनचं म्हणाल तर आकडा जितका लहान तितका धोका मोठा. ५ म्हणजे शांतता. क्युबाच्या पेचात २४ ऑक्टोबर १९६२ रोजी बॉम्बफेकी दल २ वर गेलं होतं, पण ते जनतेला जाहीर करून नव्हे. चालू पातळी सरकार सांगत नाही. ती ‘लाइव्ह’ दाखवणारी संकेतस्थळं खासगी अंदाजाची आहेत. पेंटागॉनजवळच्या पिझ्झाच्या दुकानातल्या गर्दीवरून युद्ध ओळखणारेही आहेत. करमणूक म्हणून ठीक.

सरकार जे कारण सांगतं ते तारखांवर घासून बघायचं. आपल्याला जवळचं उदाहरण डिसेंबर १९७१ चं. निक्सन यांनी १० डिसेंबरला ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू जहाजासह एक काफिला बंगालच्या उपसागराकडे धाडला. कारण सांगितलं, ढाक्यातल्या अमेरिकी नागरिकांना बाहेर काढायचं. पण १२ तारखेलाच ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांनी परदेशी नागरिकांना ढाक्याहून नेलं होतं. काफिला उपसागरात शिरला १५ ला आणि १६ ला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. मग जहाज कशासाठी, हे तेव्हाही तारखांवरून ताडता येत होतं. व्हाइट हाउसचा पाकिस्तानकडचा कल स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी त्याच महिन्यात गुप्त टिपणांतून फोडला. परराष्ट्र खात्याने त्या काळचे दस्तऐवज पुढे २००५ मध्ये खंडरूपाने छापले, आणि ते त्यांच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

त्याच वर्षी अमेरिका म्हणजे फक्त व्हाइट हाउस नव्हे हेही दिसलं. ढाक्यातल्या त्यांच्याच वकिलातीतल्या वीस जणांनी एप्रिलमध्ये सरकारच्या धोरणाला लेखी विरोध नोंदवला. १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन निर्वासितांसाठी वाजवत होते. त्याच महिन्यात सिनेटर एडवर्ड केनेडी भारतातल्या छावण्या बघून गेले. ‘अमेरिका आपल्या विरुद्ध आहे’ असं म्हणण्याआधी कुठली अमेरिका, एवढं विचारायला हवं.

जनमत

संकट आलं की लोक झेंड्याभोवती गोळा होतात आणि राष्ट्राध्यक्षांची पसंती उसळते. गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत धाकटे बुश ११ सप्टेंबरच्या आधी ५१ टक्क्यांवर होते, दोन आठवड्यांच्या आत ९० वर गेले. कार्टर यांना तर तेहरानमध्ये मुत्सद्दी ओलीस धरले गेल्यावरही उसळी मिळाली. ३२ वरून ते साठीच्या आसपास गेले, म्हणजे चूक कुणाची हे लोक सुरुवातीला विचारतच नाहीत. नंतर विचारतात. ४४४ दिवस लांबलेल्या त्या प्रकरणात कार्टर यांची खुर्ची गेली. थोरले बुश १९९१ च्या विजयानंतर ८९ वर होते. पुढच्या उन्हाळ्यात २९ वर आले आणि नोव्हेंबरमध्ये हरले.

चाचणी वाचताना एकूण आकडा बाजूला ठेवून विरोधी पक्षाच्या मतदारांची पसंती शोधा. उसळी खरी असेल तर ती तिथे दिसते. स्वतःच्या पक्षाचे आधीच सोबत असतात. आणि प्रश्न काय विचारला ते शब्दशः बघा, कारण ‘कामगिरी पसंत आहे का’ आणि ‘हा हल्ला योग्य होता का’ यांची उत्तरं वेगळी येतात. शिवाय पेट्रोलचा भाव. तो गॅलनला सांगतात, ३.७८५ ने भागलं की लिटरचा येतो. पंपावरचा फलक रोज ऑफिसला जाताना दिसतो, तेहरान दिसत नाही.

जीवितहानीचा पहिला आकडा तर कधीच पक्का धरू नका. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली आणि कुणालाही इजा नाही असं ट्रम्प यांनी सांगितलं. महिना-दीड महिन्यात मेंदूला मार बसलेल्या सैनिकांची संख्या शंभराच्या वर गेली.

झेंडे, फिती, बटाटे

संस्कृतीतल्या खुणा भाषणापेक्षा लवकर दिसतात, पण त्यांचा अर्थ लावताना घाई होते. झाडाला पिवळी फीत म्हणजे दूर अडकलेलं माणूस परत येऊ दे; ओलिसांच्या काळात ती घरोघर आली, १९९१ मध्ये पुन्हा. ही फीत सैनिकासाठी आहे, युद्धासाठी असेलच असं नाही. खिडकीतला निळा तारा म्हणजे या घरातलं कुणी सैन्यात आहे. सोनेरी तारा म्हणजे ते गेलं. सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाल्यापासून फिती पुष्कळ आणि तारे थोडे, अशी स्थिती आहे. म्हणून लोकांची नाडी टीव्हीपेक्षा छावणीच्या गावांत नीट कळते. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेयेटव्हिलची स्थानिक बातमी वाचा. शेजारच्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावरच्या ८२ व्या एअरबोर्न या छत्रीधारी सैन्याची पहिली तुकडी हुकूम आल्यापासून १८ तासांत उडते.

नामांतराची हौस त्यांनाही आहेच. पहिल्या महायुद्धात आंबवलेल्या जर्मन कोबीला ‘लिबर्टी कॅबेज’ केलं. मार्च २००३ मध्ये फ्रान्सने इराक युद्धाला विरोध केला म्हणून काँग्रेसच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राइज ‘फ्रीडम फ्राइज’ झाल्या. तीन वर्षांनी जुनं नाव गुपचूप परत आलं. त्याच मार्चमध्ये डिक्सी चिक्स या गायिकांनी लंडनच्या रंगमंचावरून बुश यांच्याविरुद्ध एक वाक्य उच्चारलं आणि कंट्री रेडिओने त्यांची गाणी बंद केली. २००७ मध्ये त्यांना पाच ग्रॅमी मिळाले. एवढ्या चार वर्षांत देशाचं मत कुठून कुठे गेलं याचं हे सोपं मोजमाप आहे.

भाषण आता वाचा, आणि नाम पकडा. केनेडी यांनी २२ ऑक्टोबर १९६२ च्या भाषणात क्युबाभोवतीच्या वेढ्याला ‘क्वारंटाइन’ म्हटलं, कारण ‘नाकेबंदी’ ही आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाची कृती ठरते. (कोविडनंतर हा शब्द आपल्याला वेगळाच वाटतो.) कोरियाच्या लढाईला ट्रुमन यांच्या काळात ‘पोलिसी कारवाई’ म्हणत. ‘युद्ध’ सोडून दुसरं काही म्हणायची धडपड दिसली की परत पत्राकडे जा.

तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी

११ सप्टेंबरनंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनातल्या मेसा गावात पगडी घातलेल्या एका शीख पेट्रोल पंप मालकाला मुसलमान समजून गोळी घातली गेली. संकटात ओळख पटवून घ्यायला समोरचा थांबत नाही. धमकी आली तर पोलिसात तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. एफबीआयलाही कळवता येतं.

मुलग्यांच्या आयांचा पहिला प्रश्न सक्तीच्या भरतीचा असतो. जानेवारी २०२० मध्ये भरतीसाठी नावं नोंदवणाऱ्या सिलेक्टिव्ह सर्व्हिस या खात्याचं संकेतस्थळ गर्दीने बंद पडलं होतं. काँग्रेसने नवा कायदा केल्याशिवाय भरती होऊ शकत नाही. पण सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी आजही आहे, १८ ते २५ वयाच्या पुरुषांसाठी, ग्रीन कार्डवाल्यांसकट. वैध एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरदार) किंवा एच-४ (त्यांचे कुटुंबीय) व्हिसावर असलेल्यांना ती लागू नाही. फसगत होते ती मधल्या मुलांची: एच-४ वर वाढलेला मुलगा २४ व्या वर्षी ग्रीन कार्डवर येतो आणि नोंदणी कुणाच्या लक्षात राहत नाही. २६ पूर्ण झाले की ती करता येत नाही आणि नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येऊ शकते. नोंदणी झाली आहे ना हे तपासून तिची पावती छापून ठेवा.

एरवी कुणी न विचारलेले नियम अशा वेळी बाहेर निघतात. नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणी विद्यार्थ्यांना हजेरी लावायला सांगितलं गेलं, २००२ पासून पंचवीस देशांच्या पुरुषांना बोटांचे ठसे द्यावे लागले; त्यात पाकिस्तान आणि बांगलादेश होते, भारत नव्हता. विद्यार्थ्यांनी आय-२० (कॉलेजचं प्रवेशपत्र), नोकरदारांनी आय-७९७ (व्हिसा-अर्ज मंजुरीची सूचना) आणि ताजा आय-९४ (देशात आल्याची नोंद) यांच्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात, एक संच भारतात घरी. आणि घर बदललं की दहा दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरून पत्ता कळवायचा. फी नाही, संकेतस्थळावर काही मिनिटांत होतं, आणि तरीही सगळ्यात जास्त राहून जातं ते हेच.